'चमत्कार' शब्दाचा अर्थ

श्रोते हो, 'चमत्कार' हा शब्द आपण फारच स्वस्त केला! जगन्नाथ पंडितांनी 'रसगंगाधरा'त तो काव्यातल्या लोकोत्तर आनंदाशी जोडला. म्हणजे चमत्कार घडायचा तो ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात. बोलीत येता येता तो करणाऱ्याच्या हातात गेला. गंडे-ताईत विकणाऱ्यांचे फावले. शेवटी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा गुन्हा ठरवावा लागला. पतंजलींनी तर खऱ्या सिद्धीही समाधीतले विघ्नच मानल्या.

"बुवा, पैठणचा रेडा खरेच वेद बोलला का हो?" असे पुष्कळ जण विचारतात. कथा मी सांगतोच, पुढेही सांगेन. पण तिथे प्रश्न चार पोरक्या भावंडांच्या शुद्धिपत्राचा होता. त्यांना दूर लोटणाऱ्या सभेचे मन पालटले का, हे कोणी विचारीत नाही.