परदेशात पाळावयाचा शब्द

रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेब एखाद्या तरुणाला पुढे बोलावतात. आपला हा बंधू उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाला आहे, असे सांगून त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आईचे डोळे भरून येतात. नागपूर असो, इंदूर असो वा दिल्ली, मराठी मंडळ्यांना हे दृश्य आता नवे नाही. परंतु त्या तरुणाला एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही : बाळा, तेथे तुझा खर्च कसा भागणार?

या साध्या प्रश्नाच्या पोटी एक कठीण नैतिक प्रश्न दडलेला आहे. ब्रिटनमध्ये पदवीचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सर्वसाधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येते. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. व्हिसा घेताना विद्यार्थी अशा अटी मान्य करतो. पुढे खोलीचे भाडे थकते, घरी कर्जाचा हप्ता येऊन ठेपतो आणि एखादा हॉटेलमालक म्हणतो, ‘‘आणखी काम कर, पैसे रोख देईन, कागदोपत्री काही नको.’’ अशा वेळी ख्रिस्ती विद्यार्थ्याने काय करावे?

‘यात चोरी ती कसली? घाम तर मीच गाळतो,’ असे तो म्हणेल. परदेशी विद्यार्थ्यांकडून स्थानिकांच्या कितीतरी पट शुल्क घ्यावयाचे आणि त्यांच्या कमाईवर मात्र बंधन घालावयाचे, हा कोठला न्याय, असेही तो विचारील. हा युक्तिवाद हलका नाही. नियम कठोर असू शकतो. तथापि त्याच्याखाली आपण स्वेच्छेने सही केलेली असते. आपले नुकसान होत असतानाही जो दिलेला शब्द फिरवीत नाही, त्याला १५ व्या स्तोत्राने देवाच्या मंडपात जागा दिली आहे. सोयीचा असेल तोवरच पाळावयाचा, तर त्याला शब्द तरी का म्हणावे?

शिवाय लपवून केलेले काम माणसाला परतंत्र करते. कायद्याने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैसे हातावर ठेवले, तरी त्याला तक्रार करता येत नाही. मालकाला त्याचे गुपित ठाऊक असते.

मात्र सारा दोष त्या मुलावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठरावीक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असल्याचे दाखवावे लागते. ती उसनी आणून दाखवावयाची आणि मुदत संपताच परत करावयाची, ही युक्ती मुलाला कोण शिकवितो? असत्याचे पहिले पाऊल परदेशात नव्हे, पुष्कळदा आपल्याच घरात पडते.

येथे पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. वैद्यकीय शिक्षणाच्या आशेने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. त्याच्या मोबदल्यात त्या भारतात येऊ पाहणाऱ्या भगिनींना मराठी शिकवीत. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाची आशा सोडावी लागली, तरी त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅम येथे शिकता शिकता त्यांनी संस्कृतचे अध्यापनही केले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. त्यांची विद्वत्ता सर्वांपाशी नसते, हे खरे. पण त्यांच्या प्रामाणिक श्रमांच्या पाठीशी आश्रय देणारा एक समाज उभा होता, हेही तितकेच खरे.

तो समाज होणे हे आपल्या मंडळीचे काम नव्हे काय? निरोपाच्या प्रार्थनेपूर्वी चार जाणत्या माणसांनी त्या कुटुंबासह बसून खर्चाचा खरा हिशेब मांडावा. पैसे पुरत नसतील, तर ‘एक वर्ष थांब’ असे सांगण्याचे धैर्य दाखवावे. जमेल तेथे बिनव्याजी हातभार लावावा. ज्याचे पाऊल तेथे घसरले आहे, त्याचे पत्र आले तर त्याला झिडकारू नये, बाहेर पडण्याची वाट दाखवावी.

मुलाला आपण सत्याने राहण्याचा उपदेश देतो. त्या सत्याची किंमत त्याने एकट्यानेच मोजावी, अशी अपेक्षा आपण करू नये. प्रभू आपणांस एकमेकांचे ओझे वाहण्यास समर्थ करो.