खोटी तारीख

स्वयंपाकघराचं काम काढायचं ठरलं की घरात आधी पैशांची चर्चा होते. ग्रॅनाइट कुठलं, ट्रॉल्या स्टीलच्या की प्लायच्या, सनमायका कोणत्या रंगाचा, हे सगळं बोलून होतं. काम संपणार कधी, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि कंत्राटदार जी तारीख सांगेल ती आपण मानून चालतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या कंत्राटदाराने सांगितलं, "ताई, तीन आठवडे धरा. गौरींचा नैवेद्य नव्या ओट्यावरच कराल." तो नैवेद्य हॉलमध्ये इंडक्शनवर आणि शेजारणीच्या गॅसवर मिळून झाला. ओटा ताब्यात आला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती.

कामं लांबतात. पाऊस असतो, माल अडकतो, माणूस आजारी पडतो. तेवढ्यासाठी मी हा स्तंभ खर्ची घातला नसता. पण आमचं काम तीन आठवड्यांत होणार नाही, हे त्या गृहस्थांना पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. जुना ओटा फोडायचा, राडारोडा खाली उतरवायचा, भिंतीतले पाइप आणि वायरिंग नव्याने घालायचं, प्लास्टर करायचं, त्यावर निदान आठवडाभर पाणी मारायचं. वॉटरप्रूफिंग झालं की पाणी साठवून ठेवायचं आणि खालच्या घरात ओल येते का, ते दिवस-दोन दिवस बघायचं. टाइल्स आणि ग्रॅनाइट बसल्याशिवाय ट्रॉल्यांचं पक्कं माप घेता येत नाही, आणि माप दिल्यावर कारखान्यातून शटर यायला आणखी काही आठवडे जातात. यातलं एक झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. ज्याची हयात या धंद्यात गेली, त्याला हा हिशेब बोटांवर येतो.

म्हणजे ती तारीख अंदाज नव्हता. आम्हाला काय ऐकायचं आहे ते ओळखून दिलेलं ते उत्तर होतं.

आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. जेवणाची वेळ पुढेमागे झालेली त्यांना चालत नाही. खरी मुदत कळली असती तर त्या सरळ नाशिकला लेकीकडे राहायला गेल्या असत्या. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे म्हणून त्या धूळ, कटरचा आवाज आणि मोरीत घासलेली भांडी यांच्यात राहिल्या. मग "पुढच्या सोमवारी नक्की" असं दर सोमवारी ऐकत गेल्या. खोटी तारीख देणारा माणूस समोरच्याचा निर्णय स्वतःच्या हातात घेतो. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने कुठे राहावं, पाहुण्यांना बोलवावं की नाही, रजा कधी टाकावी, हे सगळं तो परस्पर ठरवून टाकतो, आणि त्यातलं काहीच त्याच्या करारात लिहिलेलं नसतं.

असं का होतं, ते मला कामावरच्या सुताराशी बोलून कळलं. एकाच वेळी पाच-सहा घरांची कामं घ्यायची. नव्या घराच्या ॲडव्हान्समधून जुन्या घराचा माल आणायचा. माणसं तीच, म्हणून जिथून फोन जास्त येतील तिथे ती पाठवायची. हा सुतार राजस्थानातून आलेला, रात्री आमच्याच हॉलमध्ये पथारी टाकणारा. त्यालाही तारखाच मिळत होत्या. "शनिवारी हिशेब करू" असं म्हणत त्याची मजुरी अडकवून ठेवली होती. चिडून आम्ही कंत्राटदाराचा हप्ता थांबवला तेव्हा त्याची पहिली झळ या सुतारालाच बसली. म्हणून त्याची मजुरी आम्ही थेट त्याच्या हातात दिली आणि कंत्राटदाराच्या सहीने ती बिलातून वळती केली. कंत्राटदाराशी असलेल्या आपल्या भांडणात कारागिराचा रोज तारण ठेवायचा नसतो, असं मला ठामपणे वाटतं.

सिंकखाली आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय ठरवून साधं कमर्शिअल प्लाय लावलं, तर सनमायका चढल्यावर ते कोणाला दिसत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनी ते फुगतं, तेव्हा कळतं. आमचं प्लाय मी शिक्का बघून घेतलं होतं. तारखेवर असा शिक्का नसतो, म्हणून तिथे माणसाच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागते.

कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि मोबदला घेऊन ठरलेली सेवा नीट न देणं ही त्यात त्रुटी ठरते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोनही लावता येतो. देशात ग्राहकांसाठी पहिला स्वतंत्र कायदा १९८६ मध्ये झाला, पण त्याच्याही बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली होती. इतकी जुनी जाग असलेल्या आपल्या शहरांत आजही लाखोंची कामं तोंडी बोलीवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या एका फोटोवर सुरू होतात. टप्प्यांची यादी, प्रत्येक टप्प्याची तारीख, त्या टप्प्याला किती पैसे आणि उशीर झाला तर काय, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायला अर्धा तास लागतो. त्या कागदाला नकार देणाऱ्याला काम देऊ नये.

तरीही सगळा दोष कंत्राटदारांवर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. खरं बोलणारा कंत्राटदार या शहरात उपाशी राहतो, आणि त्याला उपाशी ठेवणारे आपण ग्राहकच असतो. दोन महिने सांगणाऱ्याला आपण संथ म्हणतो, तीन आठवडे सांगणाऱ्याला ॲडव्हान्स देतो.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आता स्वयंपाकघराचं काम निघतंय. तिघांनी दर दिले. दोघांनी महिन्याच्या आत देतो म्हणून सांगितलं. तिसऱ्याने माप घेतलं, भिंतीची ओल हात लावून पाहिली आणि म्हणाला, "काकू, पावणेदोन महिने लागतील. मध्ये माझी माणसं होळीला गावी जातील, तो आठवडा वेगळा धरा." त्याचा दर थोडा जास्त आहे. घरात अजून एकमत नाही, मुलाला दुसरा बरा वाटतो. मला विचारलं तेव्हा मी तिसऱ्याचं नाव सांगितलं, आणि का, तेही सांगितलं.