नमुना सगळ्यांचा, कात्री एकीची

वायव्य चीनच्या शाआन्शी प्रांतात नवं वर्ष जवळ आलं की खिडकीचा जुना कागद काढून नवा पांढरा कागद लावण्याची रीत होती. त्यावर घरच्या बायका स्वतः कातरलेली लाल फुलं चिकटवत. वर्षभराच्या उन्हानं त्यांचा रंग उडे आणि पुढच्या वर्षी ती खिडकीच्या कागदासकट केरात जात. अशा कामावर सही कोण करणार?

नमुनेही कुणा एकीचे नव्हते. आवडलेलं कातरकाम ओल्या कागदावर चिकटवायचं आणि तेलाच्या दिव्याच्या धुरावर धरायचं. कातरकाम उचललं की काजळीत त्याची पांढरी आकृती उरे. माहेरची नक्षी अशी सासरी पोचे. डाळिंब म्हणजे भरपूर मुलंबाळं, मासा म्हणजे भरभराट, हे गावात कुणाला सांगावं लागत नसे.

कू शूलान याच प्रांतातल्या शुन्यीची. जन्म 1920चा, संसार हलाखीचा. 1985 साली ती कड्यावरून पडली आणि बरेच दिवस शुद्धीवर नव्हती. उठली ती आपण फुलं कातरणारी देवी आहोत, असं सांगतच. आपल्याकडे ‘अंगात आलं’ म्हणून लोकांनी विषय संपवला असता. तिनं मात्र त्या देवीचीच चित्रं करायला घेतली: मधोमध मोठा गोल चेहरा, शेजारी सूर्य-चंद्र, भोवती रंगीत कागदाच्या बारीक तुकड्यांची दाटी. खिडकीत मावणारं फूल आता भिंत व्यापू लागलं.

त्यातली फुलं-पाखरं गावाच्या जुन्या साठ्यातलीच. तिची स्वतःची होती ती मांडणी, आणि मधली जागा घेण्याचं धाडस. शेतकऱ्याच्या बायकोनं स्वतःच्या नावानं ती जागा मागितली असती, तर कुणी दिली असती? देवी म्हटल्यावर प्रश्नच उरला नाही. तिचं वेगळेपण परंपरेनंच दिलेल्या वेषात आलं.

युनेस्कोनं 1996 साली तिला लोककलेतली श्रेष्ठ कलावंत म्हणून गौरवलं. 2004 साली ती गेली. 2009 साली त्याच संस्थेनं चिनी कागदकातरकाम ही कलाच मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पहिला मान एका बाईचा, दुसरा निनावी हजारोंचा, आणि दोन्ही रास्त.

शुन्यीत रंगीत तुकड्यांची तिची पद्धत आज इतर बायका चालवतात. सहीच्या जगात याला नक्कल म्हणाले असते. इथे मात्र एकीनं घडवलेला ‘मी’ पुढच्या हातांसाठी पुन्हा नमुना झाला आहे, आणि त्यात फेरफार करायला कुणाची परवानगी लागत नाही.