उपकार की ऋणफेड?

मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे गाव इतिहासाच्या वाचकांस लढाईमुळे ठाऊक आहे. १४३७ साली बहमनी व खानदेशच्या फौजा तेथे भिडल्या. फौजा आल्या म्हणजे गावचे उद्योग बसावयाचेच; पण त्या हानीचा जाब रयतेने कोणास विचारावा? २५ मार्च २०२० पासून देशभर जी टाळेबंदी झाली, तिची गोष्ट निराळी. दुकानांस कुलपे लागली ती लुटीच्या भयाने नव्हे, तर सर्वांचे प्राण वाचावे म्हणून, सरकारी आज्ञेने. ती आज्ञा योग्यच होती असे धरून चालू. तरीही प्रश्न उरतोच : सर्वांच्या हितासाठी ज्यांचा रोजगार बुडाला, त्यांस जे मिळाले तो उपकार की ऋणफेड?

अशा गावातील केशकर्तनालयाचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात ही दुकाने २८ जून २०२० रोजी उघडली, तीही आरंभी केस कापण्यापुरतीच. तीन महिने वस्तरा पेटीत राहिला. पोट मात्र थांबले नाही. उलट, कित्येक सरकारी नोकरांचा मार्चचा पगार हप्त्यांनी झाला, पण बुडाला नाही. आज्ञा एकच, तिचा भार मात्र सारखा नव्हता.

जुन्या बलुतेदारीत न्हाव्यास सुगीला धान्याचा वाटा मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता. ती मोडली याचा खेद कोणी करू नये. परंतु त्या वाट्यास भिक्षा म्हणत नसत. तो हक्क होता. आजचा कारागीर त्या दास्यातून सुटला, रोख पैशाचा धनी झाला. पण गिऱ्हाईक थांबताच त्याचे देणे कोणीच लागेना.

२९ मार्च २०२० च्या आदेशाने केंद्र सरकारने मालकांस कामगारांचे पूर्ण वेतन देण्यास फर्माविले. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. विक्रीच नाही तर पगार कोठून द्यावा, हा लहान कारखानदाराचा आक्षेप रास्त होता. त्यावरून कामगाराचा हक्क खोटा ठरत नाही. ऋणको एकटा मालक नसून सर्व समाज होता, एवढेच ठरते.

तिजोरी अपुरी होती, असे कोणी म्हणेल. असेलही, परंतु ऋणकोच्या दारिद्र्याने ऋण फिटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार इत्यादिकांस दीड हजार रुपये जाहीर केले. रक्कम अल्प खरी. पण नोंद ज्याची नाही त्याचे काय? उपकार करणारा वाटेल त्यास देऊ शकतो. ऋण फेडणाऱ्याने मात्र प्रत्येक धनकोचे नाव वहीत आधीच लिहून ठेविले पाहिजे. ती वही पुढल्या संकटापूर्वी तयार करणे, हे ज्यांचे वेतन त्या दिवसांत चालू राहिले त्या आम्हां सर्वांचे कर्तव्य आहे. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला कारागीर याचक नव्हता. तो आपले येणे घ्यावयास आला होता.