पंधरा गुणांची बहीण



स्नानसंस्काराचा दाखला मागायला लोक येतात ते बहुधा लग्न ठरल्यावर. माझ्या आधीच्या धर्मग्रामात असताना मात्र एक तरुण इंजिनिअर एकदम दोन दाखले मागायला आला. एक स्वतःचा, दुसरा कॅनडात स्थायिक झालेल्या थोरल्या बहिणीचा. दोघांचे आईवडील एकच आहेत, हे दाखवायला त्याला हाताशी आणखी एक कागद हवा होता. (त्याची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे.)

"फादर, ताईमुळे पंधरा गुण वाढतात," तो म्हणाला.

त्याचे खरे होते. कॅनडा कुशल कामगारांची निवड वय, शिक्षण, भाषा, अनुभव अशा गुणांवर करतो. 6 जून 2017 पासून, अर्जदाराचा किंवा त्याच्या जोडीदाराचा सज्ञान भाऊ वा बहीण तिथे कायमची राहत असल्यास 15 गुणांची भर पडू लागली. चुलत-मावस भावंडे त्यात धरत नाहीत. आपल्याकडे तेही भाऊच, पण ते असो. एकूण 1200 गुणांत 15 म्हणजे किती, असे वाटेल. पण दोन-चार गुणांनी संधी हुकलेल्याला विचारा.

आपले माणूस जवळ असले की नवखा लवकर रुळतो, असा यामागचा विचार. म्हणजे बहीण भावाला आधार देणारच, हे परक्या सरकारनेही गृहीत धरले आहे.

रजिस्टर उघडता उघडता मी सहज विचारले, "ताई बरी आहे ना?" तो गप्प झाला. मग हळूहळू बोलला. वडिलांच्या पश्चात वाडीची वाटणी झाली तेव्हा भावांनी ताईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. ती रडली होती. त्यानंतर फोन नाही. आता तिथल्या वास्तव्याचे पुरावे तिनेच पाठवायचे होते.

मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच, असे आपल्याला लागू असलेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा सांगतो. त्याच्या कितीतरी आधी सलाफहादाच्या मुलींनी मोशेसमोर उभे राहून वडिलांच्या वतनात वाटा मागितला आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले (गणना, अध्याय 27). तरी आपल्या घरांत वाटणीच्या दिवशी बहीण मोजत नाहीत. आणि अर्ज भरताना तीच मोजली जाते!

सेमिनरीत आम्हाला कांट शिकवला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तो म्हणतो. मला त्यातला 'केवळ' महत्त्वाचा वाटतो. बहिणीची मदत मागण्यात पाप नाही. नाती त्यासाठीही असतात. पण गुणांची गरज नसती, तर तिला फोन केला असता का?

हे मी त्याला विचारले नाही. तोच म्हणाला, "आता फोन केला, तर गुणांसाठी केला असे ती म्हणेल."

"म्हणेल," मी म्हटले, "आणि ते खरेच आहे. तसे सांग तिला. पण वाडीचे आधी बोल."

दोन्ही दाखल्यांवर शिक्का मारून दिला.

तुमचा,
फादर