मैदान गेलं, यादी राहिली

२०२५च्या हंगामात पुणेरी पलटण विशाखापट्टणमला खेळली, जयपूरला खेळली, चेन्नईत आणि दिल्लीत खेळली. पुण्यात एकदाही नाही. प्रो कबड्डी लीगने बाराव्या हंगामासाठी चार शहरं निवडली, त्यांत पुणं नव्हतं. नावात पुणं मिरवणारा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला, ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज संकुलात दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला, आणि आम्ही यवतकरांनी तो सगळा प्रवास मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. आता खरं सांगायचं तर यवतहून पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल तरी कुठे जवळ आहे! सोलापूर रस्त्याने हडपसर गाठायचं, मग अख्खं शहर ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचं, आणि रात्री नऊचा सामना संपल्यावर दौंडकडे परतायची सोय आपली आपण बघायची. तरी ते ठिकाण होतं. कधीतरी ओरडायला जाता येईल असं.

तेही गेल्यावर संघ नेमका कशात राहतो? पुण्याच्या मातीत म्हणावं, तर खेळ मॅटवर चालतो आणि खेळाडू हरियाणा, तमिळनाडू, इराण अशा कुठूनही येतात. मालकीत म्हणावं, तर मालकाच्या नावाने आरोळी ठोकणारा चाहता अजून जन्माला यायचा आहे. उरतात ती माणसं. हंगामाच्या तोंडावर खेळाडूंची यादी जाहीर होते. लीगसाठी तो कागद असतो, पण पारगावपासून पाटसपर्यंतच्या चाहत्यासाठी त्या यादीपलीकडे संघ असा काही शिल्लकच नाही. म्हणून ती कशी असावी याबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे असं मी मानतो.

विकत घेतलेल्या खेळाडूंबद्दलची नेहमीची तक्रार मात्र माझी नाही. ‘पूर्वी कबड्डी गावाची होती, आता बाजाराची झाली’ हे वाक्य बहुधा ज्यांनी गावची स्पर्धा कधी भरवली नाही त्यांच्या तोंडी असतं. आमच्या भागात यात्रेच्या निमित्ताने दिव्यांच्या उजेडात सामने होत आले, आणि बाहेरचा खेळाडू ही गोष्ट त्यांत कधीच नवी नव्हती. अमुक मंडळाकडून यंदा पुण्याचा नाहीतर मुंबईचा चढाईपटू उतरणार, ही कुजबुज आठ दिवस आधी चौकात पोचायची. हा प्रकार इतका बोकाळला की स्पर्धेच्या पत्रकावर ‘एक गाव एक संघ’ अशी अट छापायची पाळी आली. कुस्तीच्या फडात तर मल्ल बाहेरचाच लागतो. गावच्या पैलवानाला जोड मिळायची कुठून?

शहरातली, जिल्हा-राज्य पातळीवरची कबड्डीही काही वेगळी नव्हती. तिथे बोली लावणारे रेल्वे, पोलीस, सेनादल, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम असे होते. दौंड हे रेल्वेचं जंक्शन, शिवाय राज्य राखीव पोलीस दलाचे गट तिथेच, त्यामुळे ‘खेळाच्या कोट्यातून लागला’ हे वाक्य आमच्याकडे लग्नाच्या बैठकीतही वजनदार. चांगला कोपरारक्षक आपल्या क्लबाकडून विभागाच्या संघात गेला तर कुणी त्याला गद्दार म्हटलं नाही. पेढेच वाटले गेले. फरक एवढाच की त्या सौद्यात माणूस निवृत्तीपर्यंत टिकायचा. गुडघा गेला तरी नोकरी राहायची, आणि बघणाऱ्यालाही दहा-दहा वर्षं एकाच जर्सीत एकच माणूस दिसायचा. लीगने खेळाडूला विकत घ्यायला शिकवलं नाही, ते आपल्याला आधीच येत होतं. लीगने मुदत तेवढी आखूड केली. माझं भांडण या मुदतीशी आहे.

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी यवतला मुक्कामी येते आणि गाव पिठलं-भाकरी करतं. वारकरी कुठल्या जिल्ह्याचा, याची चौकशी इथे कुणी करत नाही. पण गेल्या वर्षी ओट्यावर टेकलेली दिंडी यंदा दिसली नाही तर घरातली म्हातारी दहा वेळा विचारते. खेळाडूबद्दलची आमची आपुलकी अशीच चालते. जन्मदाखला कुणी मागत नाही. पुन्हा आला का, एवढंच बघतात.

पुणेरी पलटणचा इतिहास या अंगाने वाचण्यासारखा आहे. २०१४ मध्ये लीग सुरू झाली आणि पहिल्या दोन हंगामांत पुणं तळाशी राहिलं. मग कर्णधार येत-जात राहिले: वजीर सिंग, मनजीत छिल्लर, दीपक हुडा, आपला गिरीश एर्नाक. मनजीतच्या हाताखाली तिसऱ्या हंगामात तिसरा क्रमांक मिळाला, पण दोन वर्षं सलग ओळखीचा वाटेल असा सात जणांचा साचा काही बसेना. सहाव्या हंगामात नितीन तोमरसाठी १ कोटी १५ लाख मोजले. नावं मोठी होती. संघ दर वर्षी नव्याने ओळख करून घ्यायचा, आणि आम्हीही.

वळण आलं ते आठव्या हंगामात. प्रशिक्षक अनुप कुमार, आणि मॅटवर अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत. दोघेही पोरगेलेसे. मुंबईचा पंकज मोहिते त्याआधी सातव्या हंगामापासून होता. मग नाशिकचा आकाश शिंदे आला. युवा पलटणच्या रूपाने क्लबने तरुण मुलं हाताशी ठेवून घडवायचं ठरवलं आणि ते पाळलं. नवव्या हंगामात बी. सी. रमेश प्रशिक्षक, फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आलेला, आणि संघ पहिल्यांदा अंतिम फेरीत. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. दुखापतीमुळे अस्लम मॅटवर नव्हता आणि जयपूरने ३३-२९ असं हरवलं.

दहाव्या हंगामाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. साखळीत २२ सामन्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात, पंकजचे नऊ गुण, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्रीच्या चार पकडी. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू अस्लम. इथपर्यंत सगळं माझ्या बाजूने आहे.

पण त्याच संघाच्या डाव्या कोपऱ्यात मोहम्मदरेझा शादलुई उभा होता. त्याच्यासाठी क्लबने २ कोटी ३५ लाख मोजले होते, म्हणजे खेळाडूंवरच्या खर्चासाठी ठरवून दिलेल्या पाच कोटींच्या थैलीतली जवळपास निम्मी रक्कम एकट्या माणसावर. गंमत अशी की ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराणचा तो वादग्रस्त अंतिम सामना झाला. खेळ बराच वेळ थांबला होता, अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. भारतीय चमूत अस्लम आणि आकाश, इराणच्या चमूत शादलुई. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि शादलुई पुण्याचा झाला. शनिवारी ज्याला शिव्या घातल्या त्याचं नाव आम्ही आठवड्याच्या आत नीट उच्चारायला शिकलो. हंगामात सर्वाधिक पकडीही त्याच्याच. मग ‘घडवलेला संघ जिंकतो’ या माझ्या म्हणण्याचं काय? पैसेवाल्याने निम्मी थैली ओतून चषक उचलला, असंच कुणी म्हणालं तर?

त्याला माझं उत्तर हिशेबातच आहे. निम्मी थैली एका माणसावर रिकामी करणं परवडलं, कारण उरलेल्या संघाचा कणा क्लबने स्वतः वाढवलेल्या, माफक मानधनावर असलेल्या मुलांचा होता. शादलुईचे पैसे एका अर्थी अस्लम-मोहित-आकाशच्या स्वस्ताईने भरले. आणि खरी मेख पुढे आहे. ही मुलं नावारूपाला आली की त्यांची किंमत चढते, ती त्याच थैलीतून वजा होते, आणि ज्या क्लबाने घडवलं त्यालाच ती सांभाळणं जड जातं. बोलीची अखेरची रक्कम देऊन जुना खेळाडू परत ठेवायची मुभा नियमांत आहे, पण थैली आटलेली असली तर ती मुभा कागदावरच राहते. लीगने यात बदल करायला हवा: क्लबाने युवा पातळीवरून आणलेला खेळाडू तीन-चार हंगाम टिकवला तर त्याच्या मानधनाचा काही हिस्सा थैलीबाहेर धरावा. आज नियम असा आहे की शेजारच्याने वाढवलेलं पोर उचलणाऱ्याला आणि स्वतः वाढवणाऱ्याला एकच माप.

शादलुई एका हंगामानंतर गेला. अकराव्या हंगामासाठी हरियाणाने २ कोटी ७ लाखांना घेतला. पुढे अस्लमचा गुडघा दुखावला, तो बाहेर बसला आणि गतविजेते आठव्या क्रमांकावर घसरले. बाद फेरी बालेवाडीतच होती, यजमान मात्र तिच्यात नव्हते. २९ डिसेंबर २०२४ला हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून पुण्यातच चषक उचलला, आणि हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, तर शादलुई. यावरून आमच्याकडच्या निम्म्या मंडळींनी काढलेला निष्कर्ष असा, की त्याला सोडायला नको होतं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. अकरावा हंगाम गेला तो मुख्यतः अस्लमच्या गुडघ्यामुळे. नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात जे झालं होतं तेच पुन्हा झालं, आणि तीन वर्षांत एकच दुखणं दुसऱ्यांदा उफाळलं तर त्याला नशीब म्हणता येत नाही. यादीत भोक होतं.

ते कुठे होतं, हे कबड्डी खेळलेल्याला सांगावं लागत नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अशा वेळी पुणं हमखास अस्लमकडे बघतं. तो नसला की बघायचं कुणाकडे? बाराव्या हंगामात आदित्य शिंदेच्या रूपाने याचं उत्तर बऱ्याच अंशी सापडलं, आणि सचिन तंवरला १ कोटी ५ लाख ८० हजार देऊन घेणं हाही त्याच विचाराचा भाग असावा. अजय ठाकूर प्रशिक्षक म्हणून आला. तो स्वतः अव्वल चढाईपटू, त्यामुळे चढाईची फळी त्याला कळते. पण त्याच उलाढालीत आकाश शिंदे बेंगळुरूला गेला, रमेशही तिकडेच गेले. आकाशच्या जाण्याचं मला शादलुईपेक्षा जास्त वाईट वाटलं. अस्लम बाहेर असताना त्याने कर्णधारपद सांभाळलं होतं. एवढं केलेला माणूस यादीतून निघतो तेव्हा बाकीच्या पोरांना काय कळतं, हा प्रश्न क्लबच्या बैठकीत कुणी विचारला असेल का?

बचावफळीत तर टिकून राहण्याचं मोल आणखी उघड दिसतं. चढाईपटू एकटा जातो, एकटा येतो. त्याला नव्या संघात रुळायला फार वेळ लागत नाही. कोपरा आणि मध्यरक्षक यांचं तसं नाही. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत झडप घातली पाहिजे. उशीर झाला तर एकाऐवजी दोन गुण जातात, आणि आधी घातली तर चढाईपटू मोकळ्या बाजूने मध्यरेषा गाठतो. ही वेळ शिबिराच्या चार आठवड्यांत जुळत नाही. गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन यांची उजवी बाजू आज बरी दिसते त्याचं कारण दोघं काही हंगाम एकमेकांच्या शेजारी पडले, उठले, चुकले. एक हरियाणवी, एक तमिळ. बोलणं कोणत्या भाषेत होतं देव जाणे. ही जोडी मोडून कुणी दीड कोटीचा मध्यरक्षक आणला तर मी त्याला शहाणपण म्हणणार नाही, त्याचा आकडा कितीही डोळे दिपवो.

तेव्हा पुढच्या हंगामासाठी माझं मागणं सरळ आहे. अस्लम, पंकज, आदित्य आणि ही उजवी बाजू हलवू नका. अस्लमला साखळीतला प्रत्येक सामना खेळवण्याचा हट्ट सोडा. लीगचं वेळापत्रक दमछाक करणारं आहे आणि गुडघा दोन महिने पुरवून वापरायचा असतो. डाव्या कोपऱ्यासाठी खर्च जरूर करा, पण दोन-तीन वर्षं राहील अशा वयाच्या माणसावर. थैलीच्या निम्म्यावर तर मुळीच नको. २०२४चा डाव पुन्हा तसाच पडेल या भरवशावर यादी लिहायची नसते, कारण ती मुलं आता स्वस्त राहिलेली नाहीत.

आणि पुण्यात सामने होणार नसतील तर निदान सराव शिबिरातला एखादा आठवडा जिल्ह्यात काढा. दौंड, शिरूर, बारामती, इंदापूर, कुठेही मॅट अंथरायला जागा आहे आणि बघायला माणसं आहेत. यादी जाहीर करताना घेतलेल्यांची छायाचित्रं ढोल-ताशांसह येतात. सोडलेल्यांची नावं मात्र आम्हाला दुसऱ्या संघाच्या जर्सीवरून कळतात. तीही जाहीर करा, प्रत्येकापुढे कारण लिहून. पैसे पुरले नाहीत, हे कारणही आम्हाला चालेल. दौंड तालुक्यात उसाच्या बिलाची वाट बघत माणसं म्हातारी झाली आहेत, पैसे न पुरणं म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.