‘बिग मॅन’ आणि कार्यकारणाचा प्रश्न

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: बास्केटच्या निकट खेळणारा अतिउंच खेळाडू, ज्याला तेथे ‘बिग मॅन’ म्हणतात, तो हेरून आणावा लागतो की घडवावा लागतो? शालेय खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन विद्यापीठाच्या संघात आणण्याच्या प्रक्रियेला ‘रिक्रूटिंग’ म्हणतात. तिच्यावर भर देणारा पक्ष सात फूट उंची शिकवता येत नाही असे बजावतो, तर प्रशिक्षणवादी पक्ष नुसत्या उंचीने सामने जिंकले जात नाहीत असे उत्तर देतो. हा वाद क्रीडाविषयक भासला, तरी भारतीय दर्शनांनी कार्य आणि कारण यांच्या संबंधाविषयी जो वाद घातला, त्याच्याच जातीचा तो आहे.

सांख्यांच्या सत्कार्यवादानुसार कार्य उत्पत्तीपूर्वीच कारणात अव्यक्त रूपाने असते आणि उत्पत्ती म्हणजे केवळ त्याची अभिव्यक्ती होय; न्याय-वैशेषिकांचा असत्कार्यवाद मात्र कार्याला पूर्वी नसलेली, नव्याने आरंभ पावणारी वस्तू मानतो. घट मातीत आधीच होता, असे म्हणणाऱ्या सांख्याशी पहिल्या पक्षाचे नाते आहे, तर दुसऱ्याचे नैयायिकाशी. परंतु अभिव्यक्तीसाठी कुंभार, म्हणजे निमित्तकारण, लागतो हे सांख्य नाकारत नाहीत, आणि ज्यात कार्य समवेत राहून उत्पन्न होते ती माती, म्हणजे समवायिकारण, नैयायिकही वगळत नाहीत; त्यामुळे उंची आणि प्रशिक्षण यांपैकी एकालाच सर्व श्रेय देणारा चाहता दोन्ही दर्शनांच्या कसोटीवर उणा ठरतो.

इतिहासही याला पुष्टी देतो. 6 फूट 10 इंच उंचीचे, परंतु हालचालीत अवघडलेले जॉर्ज मायकन 1942 मध्ये डीपॉल विद्यापीठात रे मेयर यांच्या हाती आले. मेयर यांनी त्यांच्याकडून दोरीवरच्या उड्या, नृत्य आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने चेंडू टाकण्याचा सराव करवून घेतला, आणि हा शेवटचा सराव आजही ‘मायकन ड्रिल’ म्हणून शिकवला जातो. मायकन यांच्यासारख्या उंच खेळाडूंचा प्रभाव एवढा वाढला की बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवण्यास महाविद्यालयीन नियमांनी 1944 मध्ये बंदी घातली.

तथापि घटाचा दृष्टान्त येथे एका मर्यादेपर्यंतच चालतो, कारण माती सराव करीत नाही. लागोसमध्ये फुटबॉल आणि हँडबॉल खेळून उशिरा बास्केटबॉलकडे वळलेले हकीम ओलाजुवॉन ह्यूस्टन विद्यापीठात आले, तेव्हा त्यांची वाढ प्रशिक्षकाने आखून दिलेल्या सरावापुरती राहिली नाही. उन्हाळ्यात मोझेस मलोन यांच्यासारख्या व्यावसायिक खेळाडूशी झुंजत त्यांनी स्वतःचा खेळ उभा केला. टोरांटोचे 7 फूट 4 इंच उंचीचे झॅक ईडी रिक्रूटिंगच्या क्रमवारीत फार खाली होते, पण पर्ड्यू विद्यापीठात चार वर्षे टिकून 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षे ते देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरले.

भगवद्गीतेचा अठरावा अध्याय कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, इंद्रियादी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. उंची अधिष्ठानात मोडते आणि सराव चेष्टेत. 2007 च्या व्यावसायिक निवडीत पहिला क्रमांक मिळवूनही गुडघ्यांच्या दुखापतींनी ज्यांची कारकीर्द खुंटवली, त्या ग्रेग ओडेन यांचे उदाहरण दैवाकडे बोट दाखवते. रिक्रूटिंग करणारा आणि प्रशिक्षक या दोघांनाही या पाचांत स्वतंत्र स्थान नाही; कर्ता मात्र निःसंदिग्धपणे गणलेला आहे. चाहत्यांच्या वादातील दोन्ही पक्षांचा मूलभूत दोष हाच आहे की ते खेळाडूला कोणीतरी आणलेले किंवा कोणीतरी घडवलेले द्रव्य मानतात, आणि ज्याच्यामुळे उंचीचे सामर्थ्यात रूपांतर होते त्या कर्त्यालाच हिशेबातून वगळतात.